पहिलीचा वर्ग सगळ्यात शेवटी उघडला

कोरोनामुळे शाळा बंद असताना, जून २०२० मध्ये, माझ्या मुलीचं नाव मनपाच्या शाळेत पहिलीत घातलं. त्या शाळेच्या वर्गात तिने पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा डिसेंबर २०२१ निम्मा सरला होता आणि ती दुसरीत होती. पहिलीच्या वर्गात ती एकही दिवस बसलेली नाही.

महाराष्ट्रातल्या त्या वर्षीच्या पहिलीच्या बहुतेक पोरांचं असंच झालं, पण मी इथे फक्त आमच्या एका शाळेचं प्रकरण सांगतेय कारण ते मी आतून बघितलंय, मी तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य होते, अर्ज मी लिहिलेत, पोच मी घेतलीय, साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर मी बसलेय. शाळेचं, शहराचं, कुठल्याही बाईंचं किंवा साहेबांचं नाव देणार नाही, कारण त्यातल्या बऱ्याच जणांचा दोष नव्हता आणि ज्यांचा होता त्यांच्या जागेवर आता दुसरे आलेत.

आधी शाळा कशी आहे ते सांगते. मराठी माध्यम, पहिली ते आठवी, दुमजली जुनी इमारत, मागे लहानसं मैदान. पालक म्हणजे रिक्षावाले, मंडईतले हमाल, चार घरची कामं करणाऱ्या बायका, शिवणकाम करणाऱ्या, आमच्यासारखे. नवरा रिक्षा चालवतो, मी एका छापखान्यात बिलं करते. मुलगा तेव्हा सहावीत होता. घरात स्मार्टफोन एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात, कारण त्याची भाडी त्याच फोनवर येतात, तो घरी ठेवला तर चूल पेटणार कशी.

तर "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" हे आमच्या घरी असं चालायचं. बाई सकाळी अकराला ग्रुपवर पुस्तकाच्या पानाचा फोटो टाकायच्या आणि खाली दोन-तीन व्हॉइस मेसेज, की मुलांनो आज आपण 'म' काढायला शिकायचंय, आधी असा गोल, मग असा दांडा. फोन घरी यायचा रात्री साडेनवाला. मग दोघांची भांडणं, आधी दादाचं का आधी माझं, दादाचं गणित जास्त म्हणून आधी त्याचं, आणि तो उरकेपर्यंत ही झोपून गेलेली असायची. कितीदा मी झोपेत पेंगणाऱ्या पोरीच्या कानाला फोन लावून बाईंचा आवाज ऐकवलाय. बाईंचा चेहरा तिला माहीत नव्हता, ग्रुपवर डीपीला गणपती होता. आवाज तेवढा पाठ.

टीव्हीवर सह्याद्री वाहिनीला 'टिलीमिली' लागायचं, ते खरंच चांगलं होतं, पोरं बघायची. पण टीव्हीला प्रश्न विचारता येत नाही, आणि पोरीने पेन्सिल मुठीत धरलीय हे टीव्हीला दिसत नाही.

पहिलं वर्षभर कुणीही तक्रार केली नाही, हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नंतर असं बोललं गेलं की या पालकांना पोरं घरात नकोशी झाली होती म्हणून शाळेची घाई. नाही हो. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीला परवानगी मिळाली, २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीला, दोन्ही वेळा शेवटचा निर्णय स्थानिक पातळीवर सोडलेला होता आणि आमच्या शहरात आमच्या पोरांचं पुढे ढकललं गेलं. आम्ही म्हटलं ठीक आहे, पंधरा दिवस इकडे तिकडे. तेवढ्यात दुसरी लाट आली. एप्रिल-मे मध्ये आमच्या गल्लीतून दोन माणसं गेली, शाळेतल्या एका सरांचे वडील गेले. त्या दोन महिन्यांत शाळेचं नावही कुणी काढलं नाही. ३ एप्रिलला जाहीर झालं की पहिली ते आठवीची मुलं परीक्षा न घेता वरच्या वर्गात, तेही आम्ही मुकाट ऐकलं. माझी मुलगी अशी दुसरीत गेली.

आमचा राग सुरू झाला तो जुलै २०२१ नंतर, आणि कशाने झाला ते मला नेमकं आठवतंय.

शाळेच्या इमारतीत लसीकरण केंद्र होतं. माझा नंबर लागला तेव्हा मी दोन्ही पोरांना घेऊन गेले, घरी ठेवायला कुणी नव्हतं. गेटवर सिक्युरिटीवाल्याने सांगितलं मुलांना आत नाही. त्यांना गेटबाहेर उभं केलं, मुलाला म्हटलं बहिणीचा हात सोडू नकोस, आणि मी रांगेत लागले. आत निदान दोनशे माणूस, एकमेकांच्या अंगावर, निम्म्यांचे मास्क हनुवटीला. सुई घेतली आणि मग अर्धा तास निरीक्षणाला म्हणून ज्या खोलीत बसवलं ती पहिलीची खोली होती. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता, एक कोपरा निसटून लोंबत होता, फळ्याच्या वरच्या कडेला कुणीतरी खडूने काढलेली फुलांची वेल आणि त्याखाली मार्च २०२० ची तारीख तशीच. बाक इतके छोटे की मला गुडघे आडवे करून बसावं लागलं. बाहेर आले तर पोरगी गजांना धरून उभी. म्हणाली, "आई, माझा वर्ग कसाय?"

मी काय सांगणार. म्हटलं छान आहे.

दोनशे अनोळखी मोठ्या माणसांना त्या खोल्यांमध्ये येऊ देता येत होतं, पण त्या खोल्या ज्यांच्या आहेत त्या तीस-पस्तीस पोरांना नाही. लसीकरण हवंच होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण केंद्र हलवायला आजूबाजूला दोन मोठी मंगल कार्यालयं रिकामी होती आणि हा विषय कुणी काढलाच नाही. त्या रात्री मी समितीच्या बाकीच्या पालकांना फोन केले.

अर्ज, आदेश आणि दारं

शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे काय ते बऱ्याच पालकांना माहीत नसतं. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१, त्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. वर्षानुवर्षं आमचं काम म्हणजे १५ ऑगस्टला खुर्च्या मांडणं आणि रजिस्टरवर सही करणं. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्यांदा आम्ही स्वतःहून बैठक मागितली. मैदानात लांब लांब उभं राहून घेतली. ठराव केला की पालकांच्या लेखी संमतीने, निम्मी मुलं एक दिवसाआड, पहिली-दुसरीपासून सुरुवात करून वर्ग भरवावेत.

पहिली-दुसरीपासून का, तर त्याला आधार होता. २० जुलैला आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, तेव्हाचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव जाहीरपणे बोलले होते की लहान मुलं हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला झेलतात, तेव्हा शाळा उघडायच्या तर प्राथमिकपासून उघडणं शहाणपणाचं ठरेल. त्याच दिवशी देशाच्या चौथ्या सिरो सर्वेक्षणाचे आकडे आले, त्यात ६ ते ९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलांच्या रक्तात आधीच अँटीबॉडी सापडल्या होत्या, ५७.२ टक्के. म्हणजे पोरांना घरात कोंडून ठेवलं तरी विषाणू त्यांच्यापर्यंत येऊन गेलेला होता. आम्ही या बातमीचं कात्रण ठरावाला जोडलं.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यांनी ठराव वाचला आणि म्हणाल्या, "ताई, मला वरून एका ओळीचं पत्र आणून द्या, मी उद्या कुलूप काढते." खोटं नव्हत्या बोलत. ठराव घेऊन आम्ही पर्यवेक्षकांकडे, त्यांनी सांगितलं शिक्षणाधिकारी. शिक्षणाधिकारी साहेब भले गृहस्थ, पाणी विचारलं, म्हणाले हा आयुक्तांचा विषय. आयुक्तांच्या कार्यालयात सांगितलं की शासनाच्या मार्गदर्शक सूचनांची वाट बघतोय. आणि शासनाचा १० ऑगस्टचा निर्णय आम्ही छापून नेला होता, त्यात लिहिलेलं की शहरात स्थानिक परिस्थिती बघून आयुक्तांच्या समितीने ठरवायचं. मी ती ओळ पिवळ्या पेनाने रंगवलेली. साहेबांनी ती वाचली, कागद घडी घालून मला परत दिला.

आणि त्या निर्णयाचं काय झालं ते महाराष्ट्राला माहितीये. १७ ऑगस्टपासून ग्रामीण भागात पाचवी ते सातवी आणि शहरात आठवी ते बारावी भरणार होती, आमच्या शाळेतली निदान आठवी तरी त्यात बसत होती. शेजारच्या वहिनींनी पोराचा गणवेश उंचीला पुरेना म्हणून पट्टी लावून घेतली, शिलाई दिली. राज्याच्या कोविड टास्क फोर्सने आक्षेप घेतला, मुख्यमंत्र्यांबरोबर बैठक झाली आणि दोन दिवसांत सगळं स्थगित. टास्क फोर्सच्या डॉक्टरांची काळजी मी समजू शकते, तिसरी लाट लहान मुलांवर येईल असं तेव्हा सगळीकडे बोललं जात होतं. पण दहा तारखेला आदेश आणि बारा तारखेला स्थगिती, हे ज्या घरात घडलं त्या घराने पुढच्या कुठल्याही तारखेवर विश्वास ठेवायचा का, सांगा. खरोखर उघडायची वेळ आली तेव्हा निम्मे पालक म्हणाले, बघू, उघडली तर खरं.

मधल्या काळात माहिती अधिकाराचा अर्जही टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून. तीन गोष्टी विचारल्या, शाळा उघडायला किती खर्च लागणार आहे, त्याचा अंदाज कुणी काढलाय का, नळ आणि स्वच्छतागृहं चालू स्थितीत आहेत का. उत्तर मुदतीत आलं. तिन्ही प्रश्नांपुढे "माहिती निरंक," म्हणजे काहीच नाही.

हा माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. शाळा बंद ठेवायला कुणाच्याही सहीची गरज नव्हती, ती आपोआप बंद राहत होती, पण उघडायला पाच सह्या लागत होत्या आणि त्या पाचातल्या प्रत्येकाला भीती होती की उद्या एखादं पोर पॉझिटिव्ह निघालं तर पेपरात माझं नाव येईल. बंद शाळेमुळे पोरगी वाचायला शिकली नाही तर कुणाचं नाव पेपरात येतं? कुणाचंच नाही.

४ ऑक्टोबर २०२१ ला "माझे विद्यार्थी, माझी जबाबदारी" म्हणत शाळा सुरू झाल्या, ग्रामीण पाचवी ते बारावी, शहरी आठवी ते बारावी. आमच्या तीन मजली चाळीतून चार पोरं शाळेत गेली आणि वीस-पंचवीस गॅलरीतून बघत राहिली. माझा मुलगा सातवीत, एका वर्गाने हुकला. ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी मंदिरं उघडली, २२ ऑक्टोबरला थिएटर उघडली. मोठ्यांना आधी का घेतलं याची कारणं मला पटत नाहीत असं नाही, दहावी-बारावीच्या परीक्षा, मोठी पोरं मास्क नीट सांभाळतात, वगैरे. पण आठवीचा मुलगा फोनवरून निदान काहीतरी उचलतो, त्याला वाचता येतं. सहा वर्षांच्या पोराला वाचायला शिकवायचं असतं आणि ते फोनवरून होत नाही, कुठल्याही बालवाडीच्या ताईला विचारा. ज्यांना शाळेची सगळ्यात जास्त गरज त्यांचाच नंबर शेवटी लावला, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

ओट्यावरचा वर्ग

सप्टेंबरपासून आम्ही आमच्या परीने एक केलं. समाजमंदिराच्या ओट्यावर संध्याकाळी पाच ते साडेसहा पहिली-दुसरीची पंधरा-सोळा पोरं बसवायला लागलो. चाळीतलीच एक बी.एड. करणारी मुलगी शिकवायची, शनिवारी आमच्या शाळेतल्या एक बाई यायच्या, परवानगी नसताना, स्वतःच्या स्कूटीवर. खडू-पाटीला घरटी वीस रुपये काढले.

तिथे काय दिसलं ते सांगते. पहिली-दुसरीतली पोरं, आणि सोळापैकी चौघांनाच स्वतःचं पूर्ण नाव लिहिता येत होतं. एका मुलाला अंक शंभरपर्यंत तोंडपाठ, पण पाटीवर सात लिहून दाखव म्हटलं की एकपासून मोजत बोटाने हवेत गिरवत यायचा. माझ्या पोरीला अक्षरं ओळखू यायची पण दोन अक्षरं जोडून शब्द होतो हेच डोक्यात बसलेलं नव्हतं, 'क' आणि 'प' वेगवेगळे वाचायची आणि माझ्याकडे बघायची, की झालं वाचून. 'कप' म्हणायला तिला आठ दिवस लागले. त्या आठव्या दिवशी ओट्यावरून पळत घरी आली आणि मांडणीतला कप काढून माझ्यासमोर धरला.

आठ दिवस. रोज दीड तास. समोर बसून. एवढंच लागत होतं.

त्याच महिन्यात अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा वगैरे मंडळींनी केलेल्या पाहणीचा अहवाल आला होता, महाराष्ट्रासह पंधरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या जवळपास चौदाशे गरीब घरांतली मुलं. नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं शहरात २४ टक्के, खेड्यात ८ टक्के. वाचून मला धक्का बसला नाही, आमच्या ओट्यावर यापेक्षा वेगळं काही नव्हतं.

सगळे पालक आमच्या बाजूने होते असं मात्र नाही, आणि ते लपवणं बरोबर होणार नाही. समितीतल्याच एका ताईंची सासू एप्रिलमध्ये गेली होती, बेड मिळाला नाही म्हणून. त्या बैठकीत उभ्या राहून म्हणाल्या, "तुमच्या घरातलं कुणी गेलं नाही म्हणून तुम्हाला शाळा सुचतेय." त्यावर बोलायला तोंड नव्हतं कुणाला. पण म्हणूनच तर आम्ही लेखी संमती म्हणत होतो. ज्याला पाठवायचंय त्याने पाठवावं, ज्याला भीती वाटते त्याच्या पोराचा अभ्यास घरी यावा, दोघांचाही मान राहिला असता. त्या ताईंनीही शेवटी ठरावाला विरोध नाही केला, सही पण नाही केली.

उघडली, बंद झाली, उघडली

२५ नोव्हेंबरला मंत्रिमंडळाने मान्यता दिली, १ डिसेंबरपासून ग्रामीण पहिली ते चौथी आणि शहरी पहिली ते सातवी. दुसऱ्याच दिवशी ओमायक्रॉनचं नाव बातम्यांत आलं आणि आमच्याकडे पुन्हा पंधरा दिवस पुढे. मुंबई-पुण्यातही तसंच झालं. अखेर डिसेंबरच्या मध्याला कुलूप निघालं.

उघडायच्या दोन दिवस आधी समितीला साफसफाई बघायला बोलावलं. एकवीस महिन्यांनी. खालच्या मजल्यावरचे सहा नळ, त्यातल्या एकाला पाणी. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार बिजागरीतून सुटलेलं. टाकीत मेलेलं कबूतर. सॅनिटायझरच्या बाटल्या आणि थर्मल गन आलेली होती, ती वरून पाठवली जाते, पण हात धुवायला पाणी हवं हे कुणाच्या यादीत नव्हतं. एका पालकाचा प्लंबिंगचा धंदा आहे, त्याने रात्री बसून नळ केले. इथे माझी स्वतःची चूक मी मान्य करते. ऑगस्टपासून आम्ही शाळा उघडा, शाळा उघडा एवढंच म्हणत होतो, नळ दुरुस्त करा असा वेगळा अर्ज तेव्हाच द्यायला हवा होता, माहिती निरंक आली त्याच दिवशी. पाण्याला आयुक्तांची परवानगी लागत नव्हती.

पहिल्या दिवशी दुसरीच्या वर्गात चौदा मुलं आली. पोरीला मी गेटपर्यंत सोडलं, आत पालकांना नाही. हात घट्ट धरून ठेवलेला, सोडेच ना. दारात तीन-चार बाई उभ्या, सगळ्यांना मास्क, तिला कळेना आपल्या बाई कुठल्या, मलाही दाखवता येईना कारण मी पण मास्कमध्ये कुणाला ओळखत नव्हते. मग त्यातल्या एकीने कुणाला तरी हाक मारली, "चला मुलांनो, ओळीत," आणि पोरीने झटकन मान वळवली. "आई, त्या बाई आमच्या." आवाजावरून. हात सोडून गेली ती.

पंधरा-वीस दिवस शाळा झाली आणि जानेवारी २०२२ ला परत बंद. १५ फेब्रुवारीपर्यंत, असं आधी जाहीर झालं. या वेळी पालक खवळले. गेटवर जमले, आणि समोर कोण, तर बाई. एका वडिलांनी बाईंना तोंडावर ऐकवलं की घरी बसून पगार खाताय. मी तिथेच होते आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं. या बाईंनी "माझे कुटुंब, माझी जबाबदारी"च्या सर्वेक्षणात दारोदार फिरून ताप मोजले होते, पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ पिशव्या भरभरून वाटली होती, एका सरांनी चेकनाक्यावर ड्युटी केली होती, आणि शनिवारी ओट्यावर येणाऱ्या बाई त्याच रांगेत उभ्या होत्या. ज्याच्या हातात काहीच नाही तोच समोर सापडतो, ज्याने सही अडवली तो चौथ्या मजल्यावर. बाईंवर ओरडून शाळा एक दिवस लवकर उघडली नसती. त्या वडिलांना आम्ही बाजूला नेऊन समजावलं, ते नंतर येऊन बाईंशी बोलले पण.

मात्र या वेळी राज्यभरातून पालक बोलले, डॉक्टर मंडळीही बोलली आणि २४ जानेवारीपासून पुन्हा परवानगी आली, स्थानिक निर्णयावर. आमच्याकडे आठवडाभर उशिराने. एप्रिल अखेरपर्यंत पूर्णवेळ वर्ग चालले, त्या तीन महिन्यांत पोरगी जोडाक्षरांपर्यंत आली. जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला होता, मागच्या वर्षीचं भरून काढायला, चांगली कल्पना, पण तो पण आमच्याकडे त्या एकाच फोनवर पीडीएफ बनून आलेला, म्हणजे पुलाचं चित्र आलं, पूल नाही. तोच शाळा उघडल्यावर बाईंनी स्वतःच्या हिशोबाने पुन्हा घेतला आणि तेव्हा खरा उपयोग झाला.

मुलाच्या वर्गातला एक जण परत आला नाही. बापाबरोबर मंडईत जायला लागला होता, पहाटे चारला, हातात रोजचे शंभर-दीडशे यायला लागले की मग सातवीच्या बाकावर कोण बसतं. बाई दोनदा घरी जाऊन आल्या, मी एकदा गेले. नाव मात्र वर्षभर पटावर होतं.

उलट बाजूने, आमच्या शाळेचा पट त्या दोन वर्षांत वाढला, कारण खासगी शाळेची फी झेपेना म्हणून कितीतरी घरांनी पोरं मनपात आणली. देशभर हेच झालं, 'असर' या शालेय शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२२ च्या अहवालात ग्रामीण भागात सरकारी शाळेत नाव असलेली मुलं २०१८ च्या ६५.६ वरून ७२.९ टक्क्यांवर गेलेली दिसतात. आणि त्याच अहवालात तिसरीतली जी मुलं दुसरीचा धडा वाचू शकतात त्यांचं प्रमाण २७.३ वरून २०.५ वर उतरलेलं. म्हणजे सरकारी शाळेवर जास्त घरं अवलंबून झाली तेव्हाच पोरांचं वाचन मागे गेलं. या दोन आकड्यांना एकत्र ठेवून कुणी बैठक घेतली असती तर मी बाकावर चार तास बसायला तयार होते.

मला कुणी विचारलं की पालकांनी वेगळं काय करायला हवं होतं, तर माझं उत्तर असं. आम्ही सगळा जोर "कधी उघडणार" या एका प्रश्नावर लावला, आणि त्याचं उत्तर आमच्या शहरात कुणाकडेच नव्हतं. त्याऐवजी "कुणाच्या सहीने उघडणार, आणि त्या माणसाने नाही म्हटलं तर ते लेखी कारणासहित मिळेल का" हे पहिल्याच महिन्यात विचारायला हवं होतं. गावाकडे जुलै २०२१ च्या आदेशात सरपंचांची समिती होती, सरपंच समोर दिसतो, त्याच्या दारात जाता येतं, म्हणून कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग १५ जुलैपासून भरायला लागले. शहरात आमचा सरपंच कोण हेच आम्हाला तीन महिने सापडलं नाही.

मार्च २०२२ मध्ये समितीने शेवटचा ठराव केला तो हाच. पुढे कधी साथ, पूर, काहीही कारणाने शाळा सात दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवावी लागली तर ती कुणी उघडायची त्या पदाचं नाव आधीच लिहून ठेवावं, दर पंधरा दिवसांनी त्याने शाळा समितीला लेखी कळवावं, लहान वर्ग आधी भरवावेत, आणि बंद काळातही महिन्यातून एकदा नळ-स्वच्छतागृह तपासून नोंद करावी. ठराव आवक-जावकला दिला, शिक्का मारून पोच घेतली. दोन वर्षांनी समिती बदलते, तशी आमचीही बदलली. नव्या अध्यक्ष ताईंना मी सगळी फाईल दिलीय, त्यात तो रंगवलेला कागद, माहिती निरंकचं उत्तर आणि ठरावाची पोच आहे. ठरावाचं उत्तर आलेलं नाही. ताई दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक स्मरणपत्र देतात, मागच्या वेळी मी त्यांच्याबरोबर गेले होते.